ग्रॅनाइटवरून प्लेटांची जुनी टक्कर कशी ओळखायची: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांसाठी, पायरीपायरीनं

सगळ्यात जास्त होणारी चूक आधीच सांगतो. पोरं घराजवळच्या खदानीतून काळा दगड उचलतात, कुठल्यातरी लॅबमधून त्याचं केमिकल ॲनालिसिस करून घेतात, रेडिमेड चार्टवर टिंब टाकतात आणि ते टिंब 'आर्क' (ज्वालामुखींची रांग) नाहीतर 'कोलिजन' (टक्कर) लिहिलेल्या चौकटीत पडलं की लिहून मोकळे होतात की इथं प्लेटांची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांची, टक्कर झाली होती. दगड चुकीचा, क्रम उलटा, आणि चार्ट नेमकं काय सांगतो तेच माहीत नाही. अग्निजन्य खडकावरून जुन्या टकरीपर्यंत नक्की पोचता येतं, पण त्याला एक क्रम हाय. केमिस्ट्री त्या क्रमात लै उशिरा येते, म्हणजे सातव्या पायरीला, आणि आधीच्या सहा पायऱ्या कच्च्या असतील तर ती सातवी चुकीचंच उत्तर देते, ते पण दशांश चिन्हासकट, त्यामुळं खरं वाटतं.

खालचं सगळं बीएस्सी-एमएस्सीच्या लेकरांना समोर ठेवून लिहिलंय, पण भिंग आणि वही घेऊन फिरणाऱ्या कुणालाही पाचव्या पायरीपर्यंतचं काम जमेल.

## निघायच्या आधीची तयारी

नकाशा आधी, हातोडा नंतर. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या भूकोश पोर्टलवर खडकांचे नकाशे फुकट बघायला मिळतात, त्यात आपला तालुका उघडा आणि कोणता रंग कशाचा ते वहीत लिहून घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या ऑफिसात बोअरच्या नोंदी असतात, किती फुटावर कोणता दगड लागला ते त्यात कळतं, बघायला मिळाल्या तर फार कामाच्या हायेत.

सोबत घ्यायचं: दहापट दाखवणारं भिंग, जिओलॉजीचा हातोडा (सुताराचा चालत नाही, तोंड तुटून कपची डोळ्यात उडते), डोळ्याला चष्मा, कंपास, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्यानं न पुसणारा मार्कर, पेन्सिल, आणि स्केल. मोबाईलचा जीपीएस चालतो, पण मोबाईलचा कंपास मोटारसायकलजवळ नाहीतर डोलेराइटच्या काळ्या दगडाला टेकवून वापरू नका, त्या दगडातल्या मॅग्नेटाइटमुळं सुई भरकटते. दगडापासून चार पावलं लांब उभं राहून दिशा घ्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मे मधे उघड्या खडकावर दुपारी उभं राहणं धोक्याचं असतं आणि पावसाळ्यात गवत वाढून खडकच दिसत नाही. वावर कुणाचंय ते विचारून परवानगी घ्या, कापूस किंवा तूर उभी असेल तर बांधानं जा. खदानीत मॅनेजरला विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, सुरुंगाची वेळ तिथल्या माणसालाच माहीत असते.

सक्त सूचना: लेणी, किल्ले, जुनी मंदिरं, बारव यांच्या दगडाला हातोडा लावायचा नाही. संरक्षित वास्तूचं नुकसान हा कायद्यानं गुन्हा आहे, आणि तसंही तो दगड कुठून आणलाय ते माहीत नसतं, त्यामुळं आपल्या कामाला त्याचा काही उपयोगच नाही.

## पायरी १: हा दगड आपल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो का ते ठरवा

इथंच निम्मे प्रोजेक्ट फसतात, म्हणून या पायरीला वेळ द्या.

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टखाली झाकलेला आहे. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, धाराशिव, लातूर, सगळीकडं तोच काळा दगड. अजिंठा-वेरूळ त्याच्यातच कोरलंय, क्रशरवरची गिट्टी त्याचीच, विहिरीतून निघतो तो पण तोच. हा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या वेळी भारताची प्लेट आज जिथं रियुनियन बेट आहे त्या हॉटस्पॉटवरून उत्तरेला सरकत होती आणि खालून आलेला गरम माल प्लेटच्या मधोमध फुटून थरावर थर पसरला. दोन प्लेटा एकमेकीला धडकून हा दगड झालेला नाही. त्यामुळं त्याला टकरीचा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. बेसॉल्टमधून दुसरं पुष्कळ शिकता येतं, पण आपला विषय तो नाही.

मग टकरीचा दगड कुठं शोधायचा? बेसॉल्टच्या खाली, आणि जिथं बेसॉल्ट संपतो तिथं. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व कडेला, देगलूर, बिलोली, धर्माबादकडं गेलात की जमीन बदलते. काळ्या मातीच्या जागी लालसर-करडी रेताड माती, गोल गोल मोठे धोंडे एकमेकावर रचल्यासारखे, आणि त्यात गुलाबी-करडा ग्रॅनाइट आणि पट्ट्यापट्ट्यांचा नाइस (उष्णता-दाबानं रूप बदललेला खडक). हा धारवाड क्रेटॉनचा (क्रेटॉन म्हणजे खंडाचा जुना, घट्ट गाभा) पूर्वेकडचा भाग, तेलंगणात आणि कर्नाटकात पसरलाय तोच. याचं वय कोटीत नाही, शेकडो कोटीत मोजतात. पूर्व धारवाडातले बहुतेक ग्रॅनाइट २७० ते २५० कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यानचे आहेत.

बाकी मराठवाड्यातही हा जुना पाया आहेच, फक्त दिसत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी बोअर घेतली, ६१७ मीटर खोल. त्यात ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर, आणि त्यानंतर जुना स्फटिकी खडक. म्हणजे लातूरच्या माणसाच्या पायाखाली तो आहे, पण एक किलोमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढ्या खोलीवर.

तपासून घ्या: हातातला दगड काळा, बारीक दाण्याचा, त्यात पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेल्या छोट्या पोकळ्या आहेत का? असतील तर तो बेसॉल्ट, ठेवून द्या. दाणे डोळ्यानं वेगळे दिसतात, काचेसारखा करडा क्वार्ट्झ आणि चपट्या चकाकत्या बाजूंचा फेल्डस्पार दिसतोय? मग पुढं चला.

## पायरी २: जागेवरचाच खडक घ्या

धोंडा जमिनीला चिकटलेला आहे की घरंगळत आलाय? बांधावर रचलेला, रस्त्याच्या कामासाठी ट्रकनं आणलेला, नदीत गोल झालेला दगड घ्यायचा नाही. पॉलिश केलेला किचन ओट्याचा ग्रॅनाइट तर अजिबात नाही, तो राजस्थान, कर्नाटक, तेलंगणा, कुठूनही आलेला असतो, आणि दुकानात 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून विकतात तो तर बहुतेक वेळा ग्रॅनाइटच नसतो.

चांगल्या जागा म्हणजे रस्त्याचा ताजा कट, बंद पडलेली खदान, नवीन विहिरीचा ढीग (विहीर कोणती ते माहीत असेल तर), नाल्याच्या तळाचा धुतलेला खडक. वरचा मुरूम झालेला भाग दिसायला ग्रॅनाइटच वाटतो, पण त्याच्यातून सोडियम आणि कॅल्शियम कधीच वाहून गेलेलं असतं, त्याचा घोळ सातव्या पायरीला दाखवतो.

## पायरी ३: कोण आधी, कोण नंतर

ही पायरी फुकट आहे, लॅब लागत नाही, आणि तरी सगळ्यात जास्त हीच टाळली जाते.

एका उघड्या खडकासमोर निदान तासभर बसा आणि नाती शोधा. कोणता दगड कोणाला कापून गेलाय? जो कापतो तो नंतरचा. कोणाचा तुकडा कोणाच्या पोटात अडकलाय? तुकडा आधीचा. देगलूर भागात साधारण दिसणारा क्रम असा असू शकतो: पट्ट्यांचा नाइस सगळ्यात जुना, त्याच्यात घुसलेला गुलाबी ग्रॅनाइट त्यानंतरचा, त्या ग्रॅनाइटला कापणाऱ्या मोठ्या दाण्यांच्या पेग्मटाइटच्या शिरा अजून नंतरच्या, आणि सगळ्यांना आरपार कापून जाणारी काळी डोलेराइटची भिंत शेवटची. पण 'असू शकतो' हे नीट लक्षात घ्या, तुमच्या खडकात काय दिसतंय तेच लिहायचं, पुस्तकात वाचलेलं नाही.

ग्रॅनाइटमधे अडकलेले तुकडे बारकाईनं बघा, कारण टकरीची पहिली खूण तिथंच मिळते. तुकडे गडद, बारीक दाण्याचे, कडा गोलसर आणि आजूबाजूच्या ग्रॅनाइटमधे विरघळल्यासारख्या असतील तर खालून आलेला गडद मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) आणि ग्रॅनाइटचा मॅग्मा एकमेकात मिसळल्याची ती निशाणी, असे ग्रॅनाइट बहुतेक वेळा जुन्या अग्निजन्य खडकाच्या वितळण्यातून झालेले असतात. उलट तुकडे अभ्रकानं भरलेले, पट्ट्यांचे, गाळाच्या खडकाचं रूप बदलून झालेले असतील, तर ग्रॅनाइटचा कच्चा माल गाळाचा असण्याची शक्यता वाढते.

इशारा: ग्रॅनाइटला चिरत गेलेली काळी डोलेराइटची भिंत म्हणजे दोन प्लेटा जोडल्या त्या शिवणीची रेघ, असं पुष्कळ जण लिहायलेत. ते चूक आहे. जमीन ताणली जाऊन भेग पडते आणि त्या भेगेत मॅग्मा भरतो, तेव्हा डाइक होतो. म्हणजे ती ताण पडल्याची खूण आहे, दाबाची नाही. दक्षिणेकडं धारवाड क्रेटॉनमधे २३७ कोटी वर्षांपूर्वीच्या डाइकांचा एक मोठा गट आहे, तो ग्रॅनाइट घट्ट होऊन थंड झाल्यावर किती उशिरा आला ते बघा.

पट्ट्यांबद्दल पण घाई नको. ग्रॅनाइटमधे फेल्डस्पारचे मोठे स्फटिक एका दिशेला लागलेले दिसतात, ते मॅग्मा वाहत असताना पण लागू शकतात आणि दगड घट्ट झाल्यावर दाबल्यामुळं पण. स्फटिक सरळ धडधाकट असतील आणि मधला क्वार्ट्झ चपटा झालेला नसेल तर वाहण्यानं. क्वार्ट्झ फितीसारखा लांबट, फेल्डस्पार कडेनं चुरलेला असेल तर नंतरच्या दाबानं. दोन्हीचा अर्थ पार वेगळा निघतो.

वहीत हातानं चित्र काढा, स्केल आणि उत्तर दिशा टाकून. फोटो पण काढा, पण फोटोत काय महत्त्वाचं ते कळत नाही, चित्र काढताना डोळा ते पकडतो.

## पायरी ४: दगडाचं नाव पक्कं करा

रंगावरून नाव देऊ नका. गुलाबी म्हणजे ग्रॅनाइट आणि करडा म्हणजे दुसरं काहीतरी, असं काही नसतं. नाव तीन खनिजांच्या आपसातल्या प्रमाणावरून ठरतं: क्वार्ट्झ, अल्कली फेल्डस्पार (बहुतेक पोटॅशियमवालं), प्लॅजिओक्लेज (सोडियम-कॅल्शियमवालं फेल्डस्पार). गडद खनिजं बाजूला ठेवून या तिघांची बेरीज शंभर धरायची. क्वार्ट्झ २० ते ६० टक्के असेल तर आपण ग्रॅनाइटच्या घराण्यात आहोत. मग एकूण फेल्डस्पारमधे प्लॅजिओक्लेज किती ते बघा: १० ते ६५ टक्के असेल तर ग्रॅनाइट, ६५ ते ९० ग्रॅनोडायोराइट, ९० च्या वर टोनालाइट.

मोजायचं कसं? ताज्या तुटलेल्या सपाट बाजूचा फोटो काढा, त्यावर मोबाईलमधेच चौकटींची जाळी टाका, प्रत्येक छेदाखाली कोणतं खनिज येतं ते मोजा. निदान ३०० टिंबं मोजा, कमी मोजली तर आकडा भरवशाचा नाही. मोठ्या दाण्याच्या दगडाला एक फोटो पुरत नाही.

हे नाव टकरीच्या प्रश्नाला थेट जोडलेलं आहे. प्राचीन क्रेटॉनमधे टोनालाइट आणि ग्रॅनोडायोराइट आधी येतात आणि पोटॅशियमवाले गुलाबी ग्रॅनाइट शेवटी. सगळ्यांना 'ग्रॅनाइट' म्हणून टाकलं की हा क्रमच हरवून जातो.

गडद आणि खास खनिजांची वेगळी नोंद करा: बायोटाइट, हॉर्नब्लेंड, मस्कोवाइट म्हणजे पांढरं अभ्रक, गार्नेट, टूर्मलीन. पुढच्या पायरीत यांचंच काम आहे.

## पायरी ५: टकरीच्या आधीचा, टकरीचा आणि नंतरचा दगड वेगळा करा

'टकरीचा दगड' असा एकच प्रकार नसतो, तीन प्रकार असतात, आणि तिघांची सरमिसळ केली की सगळा निष्कर्ष कोसळतो.

आधीचा. टक्कर व्हायच्या आधी मधला समुद्र आटतो, म्हणजे समुद्राखालची प्लेट दुसऱ्या प्लेटखाली जाते. ती खाली जाताना तिच्यातलं पाणी वर येतं, त्या पाण्यामुळं वरचा मँटल (कवचाखालचा थर) कमी तापमानाला वितळतो, आणि ज्वालामुखींची रांग तयार होते. या दगडात पाणी जास्त म्हणून हॉर्नब्लेंड दिसतो, डायोराइट-टोनालाइट-ग्रॅनोडायोराइट असा सगळा परिवार सापडतो. केमिस्ट्रीत बेरियम, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, शिसं जास्त आणि निओबियम-टँटलम कमी, कारण पाणी पहिल्यांना सोबत नेतं आणि निओबियम-टँटलम खाली रूटाइलसारख्या खनिजात अडकून राहतात.

टकरीचा. समुद्र संपला, दोन खंड भिडले, कवच दुप्पट जाड झालं. आता खालून पाणी यायचं बंद. पण जाड कवचात युरेनियम, थोरियम, पोटॅशियमची उष्णता साठत जाते, गोधडीवर गोधडी पांघरल्यासारखी, आणि गाळाच्या खडकातलं अभ्रक फुटून त्यातलं पाणी सुटतं, तसा तो खडकच वितळायला लागतो. यातून निघतो तो फिकट, पांढरट ग्रॅनाइट, त्यात मस्कोवाइट, टूर्मलीन, गार्नेट. हॉर्नब्लेंड नसतो.

नंतरचा. टक्कर थांबली, जाड झालेल्या कवचाचं बूड सुटलं किंवा जमीन परत ताणली गेली, खालून उष्णता आली. पोटॅशियम जास्त असलेले ग्रॅनाइट निघतात. यांच्यात आधीच्या दोन्हींच्या खुणा मिसळलेल्या असतात, म्हणून हे सगळ्यात फसवे.

याचं धडधडीत उदाहरण हिमालय. लडाख बॅथोलिथ (खोलवर थंड झालेल्या ग्रॅनाइटसारख्या खडकाचा प्रचंड गोळा) हा आधीचा दगड, त्याचा मुख्य भाग साधारण ६ ते ५ कोटी वर्षांपूर्वीचा, हॉर्नब्लेंडवाला. भारत-आशिया भिडले ते ५ कोटी वर्षांच्या आसपास. आणि टकरीचा दगड, म्हणजे गंगोत्रीजवळच्या शिवलिंग-भागीरथी शिखरांचा किंवा नेपाळातल्या मनास्लूचा टूर्मलीनवाला फिकट ग्रॅनाइट, तो साधारण २ ते अडीच कोटी वर्षांपूर्वीचा. भिडल्यापासून ग्रॅनाइट निघेपर्यंत अडीच-तीन कोटी वर्षं गेली. कवच तापायला वेळ लागतो म्हणून हा उशीर.

इशारा: याचा अर्थ ग्रॅनाइटचं वय म्हणजे टकरीचं वय नव्हे. आधीच्या दगडाचं वय सांगतं की तोवर समुद्र शिल्लक होता, टकरीच्या दगडाचं वय सांगतं की टक्कर त्याच्या आधी झालेली होती. खरी तारीख या दोघांच्या मधे असते. प्रोजेक्टमधे 'या दोन वयांच्या दरम्यान' असंच लिहा.

तपासून घ्या: मस्कोवाइट दिसलं म्हणून लगेच टकरीचा दगड ठरवू नका. फेल्डस्पार सडून पण बारीक पांढरं अभ्रक तयार होतं. मोठ्या, सरळ कडांच्या, स्वतंत्र वड्या असतील तर मूळचं असण्याची शक्यता जास्त, फेल्डस्पारच्या पोटात बारीक चुरा असेल तर नंतरचं. पातळ कापाशिवाय (सूक्ष्मदर्शकाखाली बघायची दगडाची पातळ चकती) याचा निकाल लागत नाही.

## पायरी ६: नमुना आणि पातळ काप

दाणा जितका मोठा तितका नमुना मोठा. बारीक दाण्याला मुठीएवढा चालतो, मोठ्या दाण्याच्या ग्रॅनाइटला केमिस्ट्रीसाठी काही किलो, आणि झिरकॉन (वय काढायला लागणारं बारीक खनिज) काढायचे असतील तर अजून जास्त घ्या, वाहून आणायचा त्रास परवडतो पण परत जायचा नाही परवडत. सडलेली साल जागेवरच फोडून टाका. नंबर पिशवीवर पण आणि दगडावर पण, चिठ्ठी पिशवीत टाकली तर ओलीनं पुसते. दगडाची वरची बाजू आणि उत्तर दिशा मार्करनं काढूनच मग तो उचला.

लॅबला द्यायच्या आधी एक प्रश्न विचारा: पूड कशात करता? टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात केली तर टंगस्टन, कोबाल्ट आणि टँटलम भांड्यातून पुडीत उतरतात, आणि आपल्याला तर टँटलमच बघायचंय. अगेटचं भांडं मागा.

पातळ काप ०.०३ मिलिमीटर जाडीचा करून मिळतो. त्यात फक्त तीन गोष्टी बघा: अभ्रक मूळचं की नंतरचं, फेल्डस्पार किती सडलंय, क्वार्ट्झ दाबलेला आहे का. सडलेलं जास्त दिसलं तर तो नमुना केमिस्ट्रीला पाठवू नका, पैसे वाया जातील.

## पायरी ७: केमिस्ट्री, आणि तिच्यातले खड्डे

रिपोर्ट आला की आधी बेरीज करा. मुख्य ऑक्साइड आणि तापवल्यावर घटलेलं वजन मिळून साधारण ९८.५ ते १०१ च्या मधे यायला पायजे. नाही आली तर पुढं जाऊ नका, लॅबला विचारा. तापवून घटलेलं वजन ग्रॅनाइटमधे २ टक्क्यांच्या वर असेल तर दगड सडका होता असं समजा. एकच नमुना दोन वेगळ्या नंबरनं पाठवायची सवय लावा, दोन्ही आकडे जुळतात का त्यावरून लॅबचा भरवसा कळतो.

पहिला खड्डा, ॲल्युमिनाचं गुणोत्तर. १९७४ मधे चॅपेल आणि व्हाइट यांनी ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅनाइटवरून आय-टाइप आणि एस-टाइप अशी वाटणी केली, म्हणजे अग्निजन्य खडक वितळून झालेला आणि गाळाचा खडक वितळून झालेला. ॲल्युमिना भागिले कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम ऑक्साइडची बेरीज, हे गुणोत्तर १.१ च्या वर गेलं तर एस-टाइपकडं झुकतं. पण हे गुणोत्तर मोलमधे काढायचं असतं आणि पोरं ते सरळ टक्क्यांवरून काढायलेत.

समजायला एक काल्पनिक नमुना घ्या: ॲल्युमिना १४.५, कॅल्शियम ऑक्साइड १.५, सोडियम ऑक्साइड ३.५, पोटॅशियम ऑक्साइड ५.० टक्के. सरळ भागलं तर १४.५ भागिले १०, म्हणजे १.४५, आणि पोरगं लिहितं जबरदस्त एस-टाइप, टक्कर सिद्ध. आता बरोबर करू. प्रत्येकाला त्याच्या रेणुभारानं भागायचं:

- ॲल्युमिना: १४.५ ÷ १०१.९६ = ०.१४२२
- कॅल्शियम ऑक्साइड: १.५ ÷ ५६.०८ = ०.०२६७
- सोडियम ऑक्साइड: ३.५ ÷ ६१.९८ = ०.०५६५
- पोटॅशियम ऑक्साइड: ५.० ÷ ९४.२० = ०.०५३१

खालच्या तिघांची बेरीज ०.१३६३. गुणोत्तर आलं १.०४. म्हणजे तो एस-टाइप नाहीच. एका भागाकाराच्या चुकीनं अख्खी टक्कर तयार झाली होती.

आणि मुरूम का घ्यायचा नाही ते पण इथंच दिसतं: सडताना कॅल्शियम-सोडियम वाहून जातं, ॲल्युमिना मागं राहतं, गुणोत्तर आपोआप वाढतं. चांगला आय-टाइप दगड सडला की एस-टाइप दिसायला लागतो.

दुसरा खड्डा, चार्ट. पिअर्स, हॅरिस आणि टिंडल यांचा १९८४ चा रुबिडियम विरुद्ध यिट्रियम अधिक निओबियम हा चार्ट सगळे वापरतात. चार्ट चांगला आहे, पण तो वितळलेला कच्चा माल कोणता होता ते दाखवतो, घटना दाखवत नाही. टकरीनंतरचे ग्रॅनाइट त्यात तिन्ही-चारही चौकटीत पडू शकतात. शिवाय तो बराच अलीकडच्या, माहीत असलेल्या ठिकाणच्या ग्रॅनाइटवरून बनवलाय, २५० कोटी वर्षांपूर्वी मँटल आजच्यापेक्षा गरम होता, तेव्हाच्या दगडाला तीच रेघ तशीच लावणं जोखमीचं आहे. आणि एक टिंब म्हणजे काहीच नाही. एकाच ग्रॅनाइटचे आठ-दहा नमुने टाका आणि ते कोणत्या बाजूला रांगेनं जातात ते बघा.

तिसरा खड्डा, निओबियमची घट. निओबियम-टँटलम कमी दिसलं की 'सबडक्शन' (एक प्लेट दुसरीखाली जाणं) लिहायचं, ही सवय मोडा. याचा पुरावा आपल्या सह्याद्रीतच आहे. दख्खनच्या काही लाव्हांमधे, खास करून बुशे फॉर्मेशन नावाच्या थरांच्या गटामधे, वर येताना जुन्या कवचाचा माल मिसळला आणि त्यांच्यातही निओबियम कमी दिसतं. तिथं ६.६ कोटी वर्षांपूर्वी कोणतीही प्लेट खाली जात नव्हती. म्हणजे ही घट कवचाकडून उसनी पण येते. सुरुवातीला सांगितलं तसं काळ्या दगडाचं टिंब 'आर्क'च्या चौकटीत का पडतं त्याचं एक कारण हे.

## पायरी ८: वय

ग्रॅनाइटचं वय काढायला झिरकॉन लागतात. स्फटिक बनताना झिरकॉन युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळजवळ घेतच नाही, त्यामुळं आज आत सापडणारं शिसं नंतर युरेनियमपासून झालेलं असतं. युरेनियम २३८ चं अर्धआयुष्य ४४६.८ कोटी वर्षं आणि युरेनियम २३५ चं ७०.४ कोटी वर्षं, दोन घड्याळं एकाच दाण्यात. दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर भरवसा ठेवा, नसतील तर मधे कधीतरी शिसं निसटलंय.

आपल्याकडं मोठी चूक होते ती गाभा आणि कड वेगळं न करण्याची. झिरकॉन लै चिवट असतो, जुना दगड वितळला तरी आतला झिरकॉन पूर्ण विरघळत नाही, त्याच्यावर नवीन कड चढते. गाभ्याचं वय कच्च्या मालाचं, कडेचं वय ग्रॅनाइटचं. गाळ वितळून झालेल्या ग्रॅनाइटमधे असे वेगवेगळ्या वयाचे गाभे भरपूर सापडतात, आणि ती स्वतःच एक चांगली खूण आहे. म्हणून आधी कॅथोडोल्युमिनेसन्सचे फोटो (इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं झिरकॉन चमकवून काढलेले, त्यात गाभा-कड वेगळे दिसतात) काढून घ्या, मगच लेझरचं टिंब कुठं मारायचं ते ठरवा. कडेवर आणि गाभ्यावर मिळून अर्धं अर्धं टिंब पडलं तर येणारं वय कुठल्याच घटनेचं नसतं.

पोटॅशियम-आर्गॉनचं जुनं वय हातात असेल तर ते दगड थंड झाल्याचं वय असतं, जन्माचं नाही. दोन्ही एका तक्त्यात शेजारी लिहून सरासरी काढणारे रिपोर्ट पाहण्यात आलेत, तसं करू नका.

## पायरी ९: निष्कर्ष लिहिताना

एकट्या ग्रॅनाइटवर टक्कर ठरत नाही. सोबत विचारा: आजूबाजूला खूप दाब सोसलेले रूपांतरित खडक आहेत का? लांबच लांब कातर पट्टा (खडक एकमेकाला घासत सरकलेत असा पट्टा) आहे का? त्याच्या दोन बाजूंच्या दगडांची वयं आणि इतिहास वेगळा आहे का? समुद्रतळाच्या खडकाचे तुकडे मधे अडकलेत का? मध्य भारतात सातपुड्याच्या बाजूनं उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा क्रेटॉन जोडला गेल्याचं मानतात ते असल्या अनेक खुणा एकत्र वाचूनच.

पूर्व धारवाडाबद्दल अजून वाद चालू आहे हे रिपोर्टमधे स्पष्ट लिहा. एक मत असं की प्लेटा खाली जाऊन ज्वालामुखींच्या रांगा एकापाठोपाठ एक पश्चिमेच्या जुन्या भागाला येऊन चिकटल्या आणि शेवटी हे ग्रॅनाइट निघाले. दुसरं मत खालून वर आलेल्या गरम प्ल्यूमला (मँटलमधल्या गरम मालाच्या झोताला) जास्त महत्त्व देतं. कर्नाटकातला क्लोजपेट ग्रॅनाइट, ज्याचे डोंगर रामनगरला दिसतात, साधारण २५२ कोटी वर्षांपूर्वीचा, उत्तर-दक्षिण जवळपास ४०० किलोमीटर लांब, त्याच्यावरून पण हाच वाद आहे. तुमचा देगलूरचा नमुना हा वाद मिटवणार नाही, पण त्याची पारडी थोडी हलवू शकतो, आणि तेवढं नीट लिहिलेलं काम कामाचं असतं.

शब्द मोजून वापरा. फक्त फील्ड आणि खनिजं बघितली असतील तर 'सुसंगत आहे' इतकंच. केमिस्ट्रीचे अनेक नमुने एका बाजूला असतील तर 'शक्यता दिसते'. फील्ड, केमिस्ट्री, झिरकॉनचं वय आणि शेजारचे रूपांतरित खडक चारही एकच बोलत असतील तेव्हाच 'पुरावा आहे' लिहा. वयाचा आकडा त्याच्या अधिक-वजा फरकासकट लिहा, फरक गाळून टाकलेला आकडा अर्धाच असतो.

रिपोर्ट जमा करताना उरलेला अर्धा दगड, पातळ काप आणि झिरकॉन बसवलेली गोल चकती विभागात ठेवून जा, प्रत्येकावर नंबर, अक्षांश-रेखांश आणि गावाचं नाव टाकून. पुढच्या बॅचमधल्या कुणाला त्याच झिरकॉनचं हाफनियम (त्याच्यातलं एक मूलद्रव्य) मोजायचं झालं तर त्याला परत देगलूरला जायची गरज पडत नाही, आणि खदान तोवर बुजली असेल तर तो दगड दुसरीकडं मिळणार पण नाही.